पारडू, कॅमेरा आणि राउटरचे नियम

मध्यंतरी लोणखेड्याच्या गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र तुम्हाला फोनवर दिसेनासं झालं, तेव्हा कॅमेरा बिघडला नव्हता. मी, तुमच्या आजीनंच, तो तुमच्यासाठी बंद केला होता, तुमच्या आजोबांच्या सांगण्यावरून.

म्हैस व्याली त्या सकाळी आजोबा खुशीत होते. पारडू धडपडत उभं राहिलं आणि त्यांनी त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला. आमच्याकडे म्हैस व्याली की पहिले काही दिवस बाहेरच्या कुणाला गोठ्यात येऊ देत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. मी दृष्ट मानत नाही. पण आजोबांनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "यामा कोन कोन देखस?" आणि मला खात्रीनं उत्तर देता येईना. चित्र कंपनीच्या कुठल्याशा यंत्रापर्यंत जातं, एवढं ठाऊक होतं. ते मलाही पसंत नव्हतंच.

चहा झाल्यावर मी राउटरचं पान उघडलं. तिथे नियम लिहिता येतात: कुठून आलेलं आत घ्यायचं, कुठे जाणारं अडवायचं. मी एकच ओळ लिहिली. कॅमेऱ्याचं घराबाहेर कुणाशीही येणं-जाणं बंद. घरातल्या माझ्या फोनवर गोठा दिसत राहिला. आजोबा निवांत झाले.

संध्याकाळी तुमचा फोन आला. तुमच्यातल्या धाकटीला पारडू बघायचंच होतं, आणि दिसत नाही म्हणून तिचा आवाज रडवेला झाला. मी आजोबांना विचारायला गेले. ते वैरण टाकत होते. मागे न वळताच म्हणाले, "आपला पोरे काय बाहेरना शेतस?"

म्हणजे तुम्ही काही बाहेरचे नव्हेत. मग तुमच्या बाबांकडून तुमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता घेतला आणि 'यांना परवानगी' अशी ओळ पहिलीच्या खाली जोडली. तरी तुमच्याकडे अंधारच. मी घराच्या दाराचा हिशेब लावला होता: आधी कडी घालायची, मग ओळखीचं कुणी आलं की काढायची. राउटर वरून वाचत येतो आणि जी ओळ आधी लागू पडेल तिथेच थांबतो. 'सगळं बंद' वर असल्यामुळे तो तुमच्या ओळीपर्यंत पोचतच नव्हता. ती ओळ वर नेली, आणि फोनमधून धाकटीचा आनंदाचा चीत्कार ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तळोद्याहून माझ्या नणंदेचा फोन. "वहिनी, मला पण दाखवा की पारडू." आजोबांची सख्खी बहीण, पण तिच्या नजरेची त्यांना लहानपणापासून धास्ती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "तिले सांग, राउटर नही म्हनस."