वाघमारे काकांचा कान

वाघमारे काका आमच्या मजल्यावर यायचे ते चपला हातात घेऊन. बेल वाजवायचे नाहीत, दारावर टकटकही नाही. दाराखालून कागदाचा कपटा आत सरकवायचे आणि मी उघडेपर्यंत उभे राहायचे. एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा 'जय भीम' घालणारे काका माझ्यापुढे नुसते हात जोडायचे. आयुष्यभर लोकांच्या लग्नांत आणि सभांत स्पीकर लावलेला हा सत्तरीला टेकलेला माणूस माझ्यापायी चोरासारखा जिना चढत असे. समोरच्या वहिनींनी विचारलंच, "काकांच्या पायांना काही झालंय, की आमच्या जिन्याचं देऊळ झालंय?" असले टोमणे बिबवेवाडीत फुकट मिळतात.

कारण मला आवाज सोसत नव्हता. मी तेव्हा परदेशी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या कंपनीत होते. नोकरी नवी, पगार नवऱ्यापेक्षा जास्त आणि मला त्याचा तोराही होता. एका दुपारी हेडसेटमधून फॅक्सची किंचाळी कानात शिरली. तेव्हापासून कपात चमचा फिरला तरी सुई टोचल्यासारखं व्हायचं. माझी रेवा दीड वर्षाची होती. ती रडली की मी तिला जमिनीवर ठेवून बाथरूममध्ये पळायचे. असं तिसऱ्यांदा झालेलं पाहिल्यावर आई तिला कर्वेनगरला घेऊन गेली. मला कुणी बोललं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

कानाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कापूस घालून बसाल तर कान आणखी हळवे होतील. रोज थोडा थोडा, एकसारखा, न दचकवणारा आवाज ऐकत चला. असा आवाज आणायचा कुठून? भजनात झांजा, सिनेमाच्या गाण्यात मध्येच अंगावर येणारी व्हायोलिनं. माझ्या नवऱ्याने हे रडगाणं तळमजल्यावर काकांच्या दुकानात गायलं असावं. काकांकडे पूर्वी एक आफ्रिकी विद्यार्थी भाड्याने राहायचा आणि जाताना कॅसेटचं एक खोकं ठेवून गेला होता. ते घेऊन काका वर आले.

"रेगे आहे," ते म्हणाले. मला आधी ते कुणाचं आडनावच वाटलं; निघालं जमैका बेटावरचं संगीत.

"ढोल जड आहे, पण घाई नाही. पुढचा ठोका कुठे पडणार ते तुला आधीच कळतं. आवाज मोठा असला म्हणून दुखत नाही, पोरी. न सांगता आला की दुखतो."

प्रत्येक कॅसेट ते आधी स्वतः ऐकायचे. डावा तळवा स्पीकरच्या लाकडावर, उजव्या हातात पेन्सिल. टेपच्या काउंटरचा आकडा बघून कागदावर लिहायचे: 'बावीस, ढोल एकदम. साठ, बाई जोरात गाते.' ते तुकडे गाळून, सुरुवात हळूहळू वाढवत, माझ्यासाठी नवी कॅसेट भरायचे. मग मी आणि ते समोरासमोर बसायचो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात मी पंधरा मिनिटांपर्यंत पोचले. मी आईला फोन केला, येत्या रविवारी रेवाला घेऊन ये.

शुक्रवारी नवी कॅसेट आली. त्या दिवशी काका कामावर होते, मी एकटीच ऐकायला बसले. तिच्यावर काकांनी लिहिलं होतं, 'स्वच्छ.' सहा-सात मिनिटं ठीक गेली आणि मग ढोलाच्या वरून एक बारीक शिट्टी निघाली, ती थांबेचना. मी खुर्चीवरून खाली आले, तिथेच ओकले. रविवार रद्द झाला. कानांत पुन्हा कापूस आला.

दुसऱ्या दिवशी कपटा सरकला. दार उघडून मी काकांना आतही बोलावलं नाही.

"तुम्ही ती कॅसेट ऐकलीत तरी का? केवढी शिट्टी आहे तिच्यात!"

"तीनदा ऐकली. शिट्टी नाही तिच्यात."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी चाळीस वर्षं हे काम करतोय, सुनीता."

तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. दर तासाला दोनदा टीटी करायचं ते. तीन आठवडे मी ते मुकाट सोसत होते, मोठ्या माणसाला कसं सांगायचं म्हणून. आता माझा तोल गेला.

"निदान घड्याळ तरी काढून येत जा, काका."

"घड्याळाने काय केलं?"

"आत्ता वाजलं ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. घड्याळ काढलं, बटणं दाबून गजर लावला आणि कानाला चिकटवलं. मी दोन्ही हातांनी कान दाबून उभी होते, आणि ते मला विचारत होते, "वाजतंय? अजून वाजतंय?"

मी मान डोलावली. ते तिथेच पायरीवर बसले.

"लोक म्हणायचे, तुमचा माईक शिट्टी मारतो," घड्याळ हातात फिरवत ते म्हणाले. "मला वाटलं, धंद्यातली जळकी माणसं. माझ्याकडची दोन पोरं तेच म्हणाली, तर मी त्यांना कामावरून काढलं. खोटारडे म्हणून."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फक्त भीती वाटली, की आता हा माणूस परत जिना चढणार नाही. दोन दिवस ते आलेच नाहीत. त्या दोन दिवसांत ते त्या दोघांच्या घरी जाऊन माफी मागून आले, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी कपटा आला: 'वरचे सूर तू सांग, खालचे मी सांगतो.'

मग शिट्टी शोधायचं काम माझ्याकडे आलं. ज्याला घाबरत होते त्याचीच वाट बघत बसायचं. आधी कापूस घालून, मग एका कानातला काढून. सापडली की मी बोट वर करायचे आणि काका आकडा लिहायचे. त्यात दीड महिना गेला.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला ते आठवतात ते रेवा घरी आली त्या दिवसाचे. त्यांच्या मुलाने घेऊन दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच लावलं होतं. आईने रेवाला माझ्या कडेवर दिलं. तिने मला ओळखलं नाही आणि जी किंचाळली, की काकाच दोन्ही हातांनी कान झाकून भिंतीला टेकले.

"एवढं वाजतं हे? तू हे सोसत होतीस?"

मलाही दुखत होतं. पण मी तिला खाली ठेवलं नाही.

"यंत्र काढून ठेवा, काका," मी म्हणाले.

"राहू दे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ती थांबेल ते मलाही ऐकू येऊ दे."