एका माणसापुरती फटफटी

फिटरभावजी पाठमोरे चालले असले तरी आमच्या कॉलनीतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना ओळखायचं. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा! फटफटीचा मागचा मडगार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं कापून टाकलेला, मग चाकानं उडवलेला चिखल जाणार कुठं? मी धुणं वाळत घालताना ओरडायची, "अहो, निदान एवढासा पत्रा तरी लावा मागं!" ते हसायचे. "वैनी, पत्रा लावला की शोभा गेली." शोभा म्हणे! शर्ट घासताना त्यांचं त्यांनाच कळत असणार, कारण घासायला घरात दुसरं कोणी नव्हतंच.

ते दौंडला रेल्वेत फिटर. आमचे हे त्यांच्याच पाळीत, शिवाय क्वार्टरही शेजारी, म्हणून ते माझे भावजी. चाळिशी उलटली तरी लग्न झालेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. एक जुनी बुलेट होती, तिच्यावर आईला मागं बसवून ते अधूनमधून शिरूरला मामाकडं न्यायचे. आई एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर पिशवी. निघण्याआधी भावजी हात मागं नेऊन तिचा गुडघा चाचपायचे आणि विचारायचे, "बसलीस का नीट?" तिनं हूं म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही.

आई गेली. दिवसकार्य उरकलं, ड्यूटी सुरू झाली. आणि एक दिवस चहाच्या टपरीपुढं भावजींनी किक मारली, सवयीनं हात मागं नेला आणि विचारलं, "बसलीस का नीट?" टपरीवरचे लोक फिदीफिदी हसले. हसणाऱ्यांचं काय जातंय! भावजी तडक घरी आले आणि लोखंड कापायची करवत घेऊन गाडीपाशी बसले.

आधी मागची सीट गेली, मग मडगार्ड. तेवढ्यात भंगारवाल्या चाचांकडच्या रद्दीत त्यांना एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात तसल्याच गाडीचा फोटो, एकाच माणसाची सीट, सगळं बोडकं. ह्याला बॉबर म्हणतात, असं कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला कौतुकानं सांगितलं, "वैनी, नको ती वस्तू कापून टाकायची. ऱ्हाईल ती गाडी." झालं, माणूस त्या नादाला लागला. हॅण्डल एका मोडीत काढलेल्या मोपेडचं. सीट जुन्या सूटकेसच्या चामड्याची, खाली सायकलच्या स्प्रिंगा. ते चामडं शिवायला माझी गोधडीची सुई नेली ती वाकडी करून परत आणली. बॅटरी तुपाच्या डब्यात लपवली. रंग खिडक्यांना लावून उरलेला. विकत असं फारसं काही घेतलंच नाही. पण गाडी अशी देखणी झाली म्हणता! माझा राग होता तो होताच, तरी मीसुद्धा दारातून दोनदा बघून घेतली.

आमच्याकडं मोटारसायकल म्हणजे तिघांची वस्तू. चालवणारा, बायको आणि मध्ये पोर. नाहीतर रस्त्यात हात केलेला कोणी पाहुणा. भावजी मात्र हात करणाऱ्याला नुसती मान हलवून पुढं जायचे. लोकांनी नाव ठेवलं, एकसीट. त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मीच हट्टानं त्यांच्यासाठी एक स्थळ काढलं. शिरूरकडच्या न्हावरे गावची मुलगी. सासरहून माहेरी परत आलेली, समजूतदार. मी आणि हे एसटीनं निघालो. भावजींना म्हटलं चला आमच्याबरोबर, तर म्हणाले, "मी गाडीवर येतो." म्हणजे बायको बघायला निघालेला माणूस, तोही एका सीटच्या गाडीवर! वर वाटेत उसाच्या पाटाचं पाणी रस्त्यावर आलेलं. पांढऱ्या शर्टावर तो पट्टा घेऊन भावजी पोचले आणि चहा होईस्तोवर पाठ भिंतीला लावून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

मुलीचे वडील अंगणात जाऊन गाडीभोवती फिरून आले. "पावणं, गाडी झ्याक हाय. पर आमच्या लेकीनं बसायचं कुठं? टाकीवर?" बसलेली माणसं हसली. भावजींनीही हसून वेळ मारून न्यायची की नाही? ते म्हणाले, "आई गेली तवा मागची सीट कापली."

आत चुलीपाशी त्या मुलीनं मला हळूच विचारलं, "वैनी, त्यांनी कापूनच टाकली व्हय?" मी म्हटलं, हो गं, दुःखात केलं. तिनं परातीतल्या पिठाला पाण्याचा हबका दिला. म्हणाली, "मानूस गुणाचा दिसतोय. पर जिथं मला जागा न्हवती, तसल्या घरात मी एकदा नांदून आलेय. आता पुन्यांदा जागा मागत बसायची न्हाई मी." तिचं खोटं नव्हतं.

परत आल्यावर मी भावजींना फाडफाड बोलले. एसटीत काय काटे पेरले होते का? ते म्हणाले, "मी कसा हाय ते तिला कळू दे म्हटलं." मग मी तिचं बोलणं सांगितलं. महिनाभरात त्यांनी मागं दुसरी सीट बसवली, पाय ठेवायला खुंट्या लावल्या, अगदी पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळीसुद्धा. आमचे हे निरोप घेऊन न्हावऱ्याला गेले. पण तिनं तोवर यवतला भावाशेजारी खोली घेऊन शिलाई मशीन टाकलं होतं. लग्नच नको म्हणाली. भावजींनी ऐकून घेतलं. "बरं केलं तिनं. सोताची जागा सोता केली." ती सीट काही त्यांनी काढली नाही. तिच्यावर कधी कोणी बसलंही नाही.

पुढं ह्यांची पुण्याला बदली झाली. टेम्पोत सामान भरलं, दोऱ्या भावजींनीच बांधल्या. मला राहवेना. म्हटलं, "अजून वेळ गेली नाही, कोणीतरी बघा. जेवणाखाण्याचे किती हाल करून घ्याल?"

"जेवनाचं काय हाल न्हाई झालं, वैनी," दोरीची गाठ आवळत ते म्हणाले. "आपली भिंत एकच. तुमच्याकडं ताटं वाजली की मी माझं ताट वाढून भिंतीशी बसायचो. तुमचं मालक ओरडत्यात, पोरं भांडत्यात, तुम्ही म्हनताय अजून एक घ्या. चार मान्सांत जेवल्यावानी वाटायचं. आता त्या खोलीत कोन येतंय कुनास ठावं."

टेम्पो सुरू झाला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या पंगतीला जेवत होता, आणि त्याला आग्रह करायचा राहूनच गेला.