साठीच्या वरचे सहा

चारठाण्याचा वैजीनाथ तीस हंगाम देवगाव फाट्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. सरकीचं पोतं ओढायला उजव्या हातात लोखंडी हूक. "हूक घेऊनच जन्मलंय हे माणूस," बायको धुरपदाबाई म्हणायची. हमालांच्या टोळीत एक रिवाज होता. दुसऱ्याच्या हुकाला कोणी हात लावत नसे. एकानं लावला तेव्हा वैजीनाथनं त्याचे दोन दात पाडले. त्या माणसानं रक्त थुंकत माफी मागितली होती.

यंदा दसऱ्यानंतर नवा ठेकेदार आला. जीवन नाव, तिशीच्या आतला. त्यानं सगळ्यांची आधार कार्डं गोळा केली आणि फाटकावर यादी लावली. साठीच्या वरच्या सहा जणांचं काम बंद.

पहिलं नाव वैजीनाथचं. कार्डावर वय सहासष्ट, खरं अठ्ठावन्न. गावात आधारचा कॅम्प बसला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, वय वाढवून सांगा, निराधाराचा सरकारी पगार लवकर चालू होतो. अर्ध्या गावानं वाढवलं. पगार आलाच नाही. वाढवलेली वर्षं मात्र कार्डावर राहिली.

तो जीवनसमोर जाऊन उभा राहिला. मागं बाकीचे पाच. त्यांत मुंजाजी, खरोखरच सत्तरीला टेकलेला.

"मालक, मी अठ्ठावन्नचा हाय. ह्यांचं मला ठावं न्हाई, माझं वय चुकलंय."

मुंजाजीनं खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं.

"काका, घरी जा, माळ ओढा," जीवन म्हणाला. "उद्या पोत्याखाली मेलात तर मी जायचं का जेलात?"

"मी वाहतो तेवढं तुमच्या पोरायनं वाहून दाखवावं."

"तुमच्यानं तांब्या धरवंना, हूक काय धरता!"

जीवन हसला. त्यानं वैजीनाथच्या हातातला हूक हिसकला आणि मातीत भिरकावला.



वैजीनाथनं डोकं त्याच्या तोंडावर हाणलं. जीवनचं नाक फुटलं. जीवननं आणलेली दोन पोरं धावली. एकाच्या बरगडीत कोपर बसलं, ते पोत्यांवर कोसळलं. दुसरं जवळ आलंच नाही. वैजीनाथनं हूक उचलला, जीवनला उताणा पाडला, छातीवर गुडघा रोवला. हुकाचं टोक हनुवटीखाली टेकवलं आणि दाबलं. कातडी फाटली. रक्त कॉलरमध्ये उतरलं.

"ठेवतो! काका, ठेवतो तुमाला! उद्यापासून या!"

वैजीनाथचं काम झालं होतं. आता फक्त उठायचं होतं. त्याची मान वळली. मुंजाजी तोंडात उपरण्याचा बोळा धरून उभा होता.

"मला एकट्याला न्हाई," वैजीनाथ म्हणाला. "साहीच्या साही."

"साही! आईची आन, साही!"

तेवढ्यात पंडित पहार घेऊन आला. पोतं पाठीवर कसं घ्यायचं ते वैजीनाथनंच त्याला शिकवलं होतं. जीवननं त्याला कालच मुकादम केलं होतं.

"दादा, सोडा त्याला! मरंल तो!"

वैजीनाथनं सोडलं नाही. पंडितनं पहार हाणली. मनगट वाळक्या पऱ्हाटीसारखं मोडलं. वैजीनाथ ओरडला नाही. पंडितच ओरडला.

पोलिसांत कुणी गेलं नाही. जीवननं शब्द पाळला, पण मनानं नाही. दुसऱ्या दिवशी टोळीतल्या पोरांनी सरकीच्या गाडीला हातच लावला नाही. आधी म्हाताऱ्यांना आत घ्या, मग भरतो, म्हणाले. दुपारपर्यंत पाच जण आत गेले.

वैजीनाथचा हात प्लास्टरमध्ये होता. जिंतूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हाड जुळेल, पण ही मूठ पुन्हा नीट वळायची नाही.

चौथ्या दिवशी पंडित चारठाण्याला आला आणि दारातच गुडघ्यांवर बसला. वैजीनाथनं डाव्या हातानं त्याच्या कानफटात ओढली. पंडित हलला नाही. दुसरी ओढली. तिसरीला ओठ फुटला. धुरपदाबाई मध्ये पडली.

"जीव घ्यायलाव का त्याचा?"

उचललेला हात तसाच राहिला. वैजीनाथला धाप लागली होती.

"आज गाडी भरली का?"

"भरली, दादा."

"म्हाताऱ्यायतलं कोन कोन होतं?"

ओठावरचं रक्त पुसत पंडित एकेक नाव सांगू लागला. वैजीनाथ डोळे मिटून ऐकत होता. पाच नावं झाली. सहाव्या नावाला पंडित थांबला.