नॉर्मल रिपोर्टाची पुरणपोळी

माझा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरात पेढे वाटले. मला मात्र रडू आलं, आणि रागही लई आला.

परळीच्या बाजारात आमचं किराणा दुकान. नवरा मालासाठी फिरतीवर, गल्ल्यावर मी. पोत्यांवर उडून आलेली थर्मल वीजकेंद्राची राख पुसण्यापासून घासाघीस करणाऱ्यांना गप्प करण्यापर्यंत सगळं माझ्याकडं, आणि ते मला मनापासून आवडतं. पण पोटात कळ आली की सगळं टाकून मागच्या गल्लीतल्या घरी पळायचं. कधी जुलाब, कधी नुसतं कुंथत बसा. शेवटी सासरे वैतागले. मी त्यांना मामा म्हणते.

"तपासून घे. काही निघालं तर औषध कर. न्हाई निघालं तर ही नाटकं बंद, न्हाईतर तुझा धाकटा दीर बसंल गल्ल्यावर."

नाटकं! हौस म्हणून कोण पळतं हो संडासला?

डॉक्टरांनी रक्त तपासलं, शौचाचा नमुनाही तपासला. मामा शेजारीच बसले होते. डॉक्टर म्हणाले, "आतड्याला सूज असली की शौचात एक प्रथिन वाढतं. तुमचं वाढलेलं नाही. तुमची लक्षणं आयबीएसची, म्हणजे सूज नसताना आतडं बिघडण्याच्या आजाराची आहेत. या आजारावर खात्रीनं बोट ठेवणारी तपासणी अजून निघालेली नाही. संशोधक रक्तात, जनुकांत खुणा शोधतायत. तोवर तुम्ही सांगता त्यावरूनच आम्ही ओळखतो. दूध मात्र बंद करा."

मी म्हणाले, आईलाही असंच व्हायचं. "घराण्यात असू शकतं," ते म्हणाले. आई कुणाच्या लग्नात कधी जेवली नाही. लोक तिला शिष्ट म्हणायचे आणि बिचारी ऐकून घ्यायची.

मामांनी एवढ्यातलं एकच उचललं: वाढलेलं नाही. झालं! सासूबाईंनी कपिलधारच्या देवाला नवस बोललेला. सगळे निघालो. दर्शन झालं, झाडाखाली पंगत बसली आणि माझ्या ताटात पुरणपोळी, वर दुधाची वाटी.

"खा गं, आता काय बी न्हाई तुला. नवसाचं हाय, नगं म्हणू नये."

हे म्हणताना सासूबाईंचे डोळे भरून आले होते. मी खाल्लं. परतीच्या वाटेवर गाडी थांबवून थांबवून बाभळींच्या आड पळाले. मामा गाडीत पुटपुटले, "रिपोर्ट तर चांगला हाय."

त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि कळ आली. मी उठले. मामा गिऱ्हाइकांसमोरच ओरडले, "पुन्हा कुठं? बोलावतो धाकट्याला!"

"संडासला चालले, मामा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रिपोर्ट नॉर्मल हाय आणि आजार बी खरा हाय. त्याची तपासणी निघंल तवा निघंल. तोवर माझं पोट दुखतंय हे मी सांगते, म्हणून खरं. आणि नवसाचं दूध पुन्हा पिणार न्हाई."

कुणीतरी हसलं. हसू दे. पिशवी घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "जा माय, मी थांबते." मी गल्ल्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि निघाले. आईसारखी मान खाली घालून नाही.

परत आले तर म्हातारी तिथंच. धाकटा दीरही आला होता, पण गल्ल्याच्या खुर्चीशेजारी उभा होता. मामांनी त्याला बस म्हटलं नव्हतं. मी बसले, कुलूप काढलं आणि विचारलं, "हं, बोला आजी, काय देऊ?"