पाठमोरी डोकी

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. दुकान केस कापायचं, पण निम्मी गिऱ्हाइकं यायची ती बातम्या ऐकायला. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची बदली झाली, कोणते भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, सगळं कात्रीच्या तालावर ऐकायला मिळायचं. तसा मनानं निर्मळ माणूस, फक्त पोटात काही राहायचं नाही.

पिणं आधी दुकान बंद झाल्यावर असायचं. मग दुपारी शटर अर्धं ओढून सुरू झालं आणि शेवटी सकाळीच, हाताची थरथर थांबावी म्हणून. एकदा वस्तरा फिरवताना एका गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीलाच काप गेला. तो बिचारा ओरडला नाही, कानाला रुमाल लावून गुपचूप निघून गेला आणि परत फिरकला नाही. हळूहळू बाकीचेही फिरकेनासे झाले.

बायकोनं समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मग एका सकाळी शांतपणे म्हणाली, "दारू सोडलेल्यांची बैठक भरते म्हणे दर शनिवारी. तिथं जा. नाही गेलात तर मी ताईकडं जाईन, आणि या वेळी परत येणार नाही."

पहिल्या शनिवारी हा पठ्ठ्या बागेत बसून आला आणि "जाऊन आलो" म्हणाला. दुसऱ्या शनिवारीही तेच. तिला दारूचा वास आला, पण तिनं मुकाट्यानं ताट वाढलं. ओरडली असती तर याला परवडलं असतं. त्यानंतरच्या शनिवारी मात्र तो खरंच निघाला.

पण जायचं कुठं? गावाला पत्ते सांगणारा हा, स्वतः विचारायची वेळ आली तर जीभ रेटेना. शेवटी एका फळवाल्याला हळूच म्हणाला, "ते पिणारे लोक जमतात संध्याकाळी, ते कुठं हो?"

फळवाल्यानं समोरच्या बारकडं बोट दाखवलं. "लवकर जा. नंतर बसायला जागा मिळत नाही."

"ते नव्हे हो. जे पिणारे पीत नाहीत, ते."

फळवाला त्याच्याकडं बघतच राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाचनालयाच्या मागं, जिना चढून वर. पण हे मी सांगितलं नाही हं!"

बारवरून जाताना पाय जड झाले, खोटं कशाला सांगू? पण गेला.

वर एक लांबट खोली होती. घडीच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, कोपऱ्यात चहाचा थर्मास. समोर उभ्या राहून एक बाई बोलत होत्या. रेडिओनं टोपी डोळ्यांवर ओढली, शेवटच्या रांगेत अंग चोरून बसला आणि आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून मनातल्या मनात हात जोडले. मग समोर पाहिलं.

पुढं सगळी पाठमोरी डोकी. आणि याला चेहऱ्यांची गरजच काय! ते दोन भोवऱ्यांचं डोकं. ते मानेपर्यंत केस उगवणारं. आणि तो कान! पाळीला बारीकशी खाच असलेला. सगळी त्याचीच जुनी गिऱ्हाइकं. भलत्याच कोणाकडून तरी कापून घेतलेले ते ओबडधोबड केस पाहून अशा अवस्थेतही त्याचं डोकं फिरलं.

"नवीन कोणी आलंय का?" बाईंनी विचारलं आणि सगळी डोकी वळली.

सगळ्यांची पाचावर धारण बसली. दोन भोवरेवाला ताडकन उठला. "अहो, हा रेडिओ आहे! उद्या सकाळी गावभर होईल!"

ज्यांच्या नजरेची भीती वाटत होती, ते सगळे यालाच घाबरत होते. रेडिओला हसू यायला हवं होतं, पण त्याला फार वाईट वाटलं.

बाई म्हणाल्या, "इथलं इथंच राहतं. हा नियम सगळ्यांना आहे. तुम्हाला जमेल?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "आजवर तोंड आवरता आलं नाही, बाटलीही नाही. पण मला घालवून देऊ नका. माझी बायको सोडून चाललीय."

तेव्हा कानाला खाच असलेला तो म्हणाला, "राहू दे रे त्याला. त्या दिवशी मी ओरडलो का नाही, माहितीये? मीही सकाळी सकाळी लावूनच आलो होतो!"

अख्खी खोली हसली. दोन भोवरेवालाही खाली बसला. पुढं काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. नियम तो नियम.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"जाऊन आलो."

"हे दोनदा ऐकलंय मी. कोण कोण होतं तिथं?"

त्यानं तोंड उघडलं. नुसतं एक नाव घेतलं असतं तरी तिचा विश्वास बसला असता. एवढी मोठी बातमी त्याच्या दुकानात कधी आली नव्हती. त्यानं तोंड मिटलं.

"नाही सांगता येत."

"म्हणजे गेलाच नाहीत."

"गेलो होतो गं. पण नावं नाही सांगणार." त्याचे डोळे भरून आले. "तू ताईकडं गेलीस तरी नाही सांगणार."

तिच्या हातातली घडी तशीच राहिली. "तुम्ही? आणि सांगणार नाही?" ती कपड्यांच्या ढिगातच बसली आणि हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली.

"म्हणजे खरंच गेला होतात," ती म्हणाली.