ठासणीची नळी आणि किटलीभर पाणी

निमलष्करी दलाच्या महिला बटालियनमध्ये मी कोत हवालदार होते. कोत म्हणजे शस्त्रागार. सुरेखा माझ्या हाताखाली, आमच्याच होटगीकडची. पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात. हवा इतकी दमट की कमरेच्या पट्ट्यालाही बुरशी यायची.

रूटीन ठरलेलं. फायरिंग झालं की शस्त्र जमा, नळी तपासणी, मगच सही. सरावाला कधी जुना साठा यायचा. त्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीत मीठ सोडतो, आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढून पोलाद खातं. नुसतं तेल लावाल, तर मीठ त्याखाली सुखानं बसून खात राहतं. म्हणून आधी उकळतं पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल. पाणी सुरेखा आणायची, चहाच्या किटलीतून.

"आदी रायफलीला पाजा, मॅडम," म्हणायची. "आपन काय, बिनचहाचं गंजत न्हाय."

एका सकाळी ती रोड ओपनिंगला, म्हणजे ताफ्याआधी रस्त्यात सुरुंग आहेत का ते बघायला, गेली. वायरलेसवर आलं, "ब्लास्ट. एक जखमी. ओव्हर." थोड्या वेळानं पुन्हा आलं. त्यात जखमी हा शब्द नव्हता.

गावात तिच्या नावाचा दगड आहे. दर वर्षी त्या दिवशी गावातले मल्लप्पामामा, पोलीस ठाण्याला सांगून, आपल्या ठासणीच्या बंदुकीचा एक बिनछऱ्याचा बार काढतात. बंदूक त्यांच्या आज्ज्याची, परवाना रानडुकरांपासून पीक राखायचा. काळी दारूही नळी खातेच, पण तीन पिढ्या बार काढलेल्या संध्याकाळीच गरम पाण्यानं धुतली म्हणून नळी टिकली. सुरेखाची आई शांताक्का दगडावर हात ठेवून बसते. तिला आता कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. लांबून वर्षातला तो एक आवाज तेवढा पोचतो.

यंदा मी मेडल लावून गेले. मामा मान खाली घालून उभे. भरण्याआधी नळी तपासायची, ही माझी सवय. गजाला चिंदी बांधून आत घातली. मध्येच अडकली. ओढून काढली तर तांबडीलाल, आणि फाटलेली.

"मामा, धुतली न्हवती व्हय?"

"तुमच्या अजितनं न्हेली हुती की वरातीला. मी नको म्हनलो. तर म्हनतो, आमची आई मिलिट्रीत हुती, तिला समदं कळतंय."

माझा मुलगा शेजारीच उभा होता.

"काळी दारू मिळंना, आई. फटाक्यांची भरली. दोन-तीनच बार."

"धुतली?"

"त्याल लावलं की! लई लावलं."

वैशाखातली आमच्याच घरची वरात. मी फेटा बांधून खुर्चीत बसले होते. काळ्या दारूचा बार धुम्म असा वाजतो, छातीत बसतो. वरातीतला फट्ट वाजला, कान फाडून गेला. ही आपली काळी दारू नाही, हे मला तिथंच कळलं होतं. वरातीत बार काढणं गुन्हा, हेही ठाऊक होतं. पण पाहुणे माझ्याकडं बघून टाळ्या वाजवत होते. मी हसले. फोटोत आहे तसं हसू.

"काडा की गं, का थांबलाय?" अक्कानं विचारलं.

"थोडीच दारू घालू, आई," अजित पुटपुटला. "एवडा एक बार."

"न्हाय. फुटंल. मामाचा हात जाईल."

मग अक्काच्या कानाशी मला ओरडावं लागलं. सगळं गाव ऐकत होतं.

"अक्का, बार हुनार न्हाय. नळी खराब केली."

"कुनी?"

"माझ्या पोरानं. माझ्या डोळ्यांदेखत."

अक्का माझ्या मेडलांकडं बघत राहिली. मला ती झाकून घ्यावीशी वाटली.

"मग धुवा तरी," ती म्हणाली. सुनेला हाक मारून तिनं पाणी ठेवायला सांगितलं.

अजितनं किटली ओतली, मी गज चालवला. लाल पाणी येत राहिलं.

"आता धुवून काय उपेग, ताई?" मामा म्हणाले.

मी गज पुन्हा आत घातला. वेळेवर धुवा, हेच कोतात दुसऱ्यांना शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली. अक्काचा हात दगडावरच होता, दर वर्षीसारखा.

सुरेखा असती, तर तो पहिला फट्ट ऐकून वरातीतनंच उठली असती आणि माझ्या खुर्चीसमोर किटली आणून ठेवली असती.