काचेवरची कुंकवाची रेघ

आज दसरा, म्हणून सकाळीच गाडी धुवायला घेतली आणि ओल्या टायरच्या वासाने सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आठवलं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मापाचे टायर मिळेनात, म्हणून यांनी गाडीला मोठे चढवले होते. नागपूरला धरमपेठेतल्या डॉक्टरांनी, टाके ओले आहेत, धक्का लागला तर डोळा जाईल, असं बजावून आम्हाला भिवापूरला घरी जायला सोडलं. जागरणांनी माझं अंग आंबलं होतं आणि मांडीवर पट्टी बांधलेलं सासूबाईंचं डोकं. "काहून एवढी जोरात पळवून राहिला गा?" "चाळीसावर काटा आहे, आई. पट्टी तुह्या डोळ्यावर, अन् मलेच शिकवून राहिली?" खड्ड्यात चाक आपटलं तशा त्या कळवळल्या. मी किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजला, तर गाडी खरंच पन्नासाला टेकली होती. चाक मोठं, म्हणून एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जात होती आणि काटा जुन्याच चाकाचा हिशेब दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यातून पाणी यायला लागलं, पुन्हा नागपूर गाठणं आलं. निघताना मी तेलात कुंकू कालवून काट्याच्या काचेवर बत्तीसपाशी, म्हणजे खऱ्या चाळीसपाशी, रेघ ओढली, "याच्यापुढे नाही," एवढंच यांना सांगितलं आणि सासूबाईंचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं.